बोटं मोजायची राहिली

"गॅलरीत वॉशिंग मशीनच्या मागे काहीतरी पडलंय," असं बायकोनं रात्री साडेअकराला सांगितलं, तेव्हा मी डोळे न उघडताच म्हणालो, "क्लिप असेल." कपडे वाळत घालायच्या क्लिपा आमच्याकडे लाल, पिवळ्या, जांभळ्या अशा सगळ्या रंगांत आहेत आणि खाली पडणं हेच त्यांचं मुख्य काम आहे.

"क्लिप डोळे मिचकावत नाही," ती म्हणाली. मग उठावं लागलं.

जूनचा दुसरा आठवडा होता. पहिल्या दणक्याचा पाऊस पनवेलवर आडवा कोसळत होता. आमच्या चौथ्या मजल्याच्या गॅलरीत तो नेहमीप्रमाणे पाहुण्यासारखा थेट आत आला होता. टॉर्च मारून बघितलं तर मशीनच्या पायाशी, कापडाच्या बोळ्यासारखा, एक पक्षी बसलेला. पक्षी म्हणजे काय, मूठसुद्धा भरली नसती. पोट हळदीच्या डब्यात बुचकळून काढलेलं, डोकं नारिंगीवर जांभळी झाक मारणारं, पाठ काळपट निळी, आणि एवढ्याशा ऐवजाला न पेलणारी लालभडक चोच. मला वाटलं, कुणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटलेलं परदेशी प्रकरण असणार. एवढे रंग आपल्याकडच्या पक्ष्याला कोण मंजूर करणार?

फोटो काढून भाचीला पाठवला. ती डोंबिवलीला असते, नववीत आहे, आणि मराठी-इंग्रजी मिळून तीनेकशे पक्ष्यांची नावं तिला पाठ आहेत. पाढ्यांबद्दल मी विचारत नाही. मिनिटभरात तिचा फोन आला.

"मामा, हात लावू नकोस! म्हणजे लाव, पण हळू लाव. चपलांचा रिकामा खोका आहे का? त्याला भोकं पाड. आत मऊ फडकं. पाणी पाजायचं नाही, पोळी भरवायची नाही, मामीला फोटोसाठी उजेड पाडू देऊ नकोस. उजाडलं की झाकण उघड. तिबोटी खंड्या आहे तो! मामा, तुझ्या गॅलरीत ओडीकेएफ आलाय!"

ओडीकेएफ हे मला एखाद्या बुडालेल्या पतपेढीचं नाव वाटलं. ते त्या पक्ष्याच्या इंग्रजी नावाचं लघुरूप आहे हे मागाहून कळलं. पाऊस कोकणात उतरतो तेव्हा त्याच्या मागोमाग हा पक्षीही उतरतो, ओढ्याकाठच्या मातीत बिळं करून पिलं वाढवतो आणि पाऊस सरला की निघून जातो. प्रवास रात्रीचा. वाटेत शहराच्या दिव्यांनी गोंधळून, दमून, काचांवर आपटतो नाहीतर कुणाच्या तरी घरात शिरतो. रायगड जिल्ह्याचा तो जिल्हापक्षी आहे. म्हणजे आमच्या गॅलरीत जिल्हा पातळीवरचे पाहुणे उतरले होते आणि मी त्यांना क्लिप म्हणालो होतो.

सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. सकाळी सहाला खोका गॅलरीच्या कठड्यावर ठेवून झाकण काढलं. त्यानं दोनेक सेकंद माझ्याकडे पाहिलं. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी पाहिलं होतं तसंच, म्हणजे ओळख न दाखवता. मग एक केशरी रेघ समोरच्या इमारतीच्या टाकीवरून गेली. दिशा साधारण कर्नाळ्याची होती, असं मी पुढे सगळ्यांना सांगत आलो आहे.

भाचीला कळवलं. ती आनंदानं किंचाळली आणि मग म्हणाली, "बोटं मोजलीस ना?"

आता माझी अडचण समजून घ्या. मी चौतीस वर्षं लेखापरीक्षणात काढली. दुसऱ्यांचे हिशेब तपासणं हा माझा धंदा. गोदामात साठा किती, वहीत किती, फरक का, हे विचारत मी अर्धा महाराष्ट्र हिंडलो. साध्या खराट्यांची नगवार मोजणी करून शेरे मारले. आणि ज्या पक्ष्याच्या नावातच आकडा आहे, तो रात्रभर माझ्या ताब्यात असताना, खोक्यात घालताना प्रत्यक्ष तळहातावर असताना, मी त्याची बोटं मोजली नव्हती.

"फोटोत बघ ना," मी म्हणालो.

"फोटोत पाय पोटाखाली आहेत," ती म्हणाली. असा शेरा मीही मारला असता.

बोटांचा विषय त्यानंतर डोक्यातून जाईना. बाकीच्या बहुतेक खंड्यांना चार बोटं असतात, तीन पुढे आणि एक मागे. याला एक कमी, म्हणून तिबोटी. एवढे रंग ल्यालेला पक्षी समोर असताना नाव ठेवणाऱ्यानं पाहिलं काय, तर पाय. मुलगी बघायला आलेल्या काही आत्याबाई साडी, दागिने, चेहरा सगळं सोडून आधी टाचा बघतात, त्यातलाच हा प्रकार. बरं, पक्षी सगळा मिळून तेरा सेंटिमीटर, त्यातही बराच वाटा चोचीचा, आणि वजन दहा रुपयांच्या दोन नाण्यांएवढं. फांदीवर बसलेल्या असल्या पक्ष्याची बोटं कुणी लांबून मोजली असतील यावर माझा विश्वास नाही. ज्यानं मोजली त्याच्या हातात पक्षी होता, आणि तो बहुधा जिवंत नव्हता.

लिनीअसनं याला शास्त्रीय नाव दिलं ते १७५८ साली. त्या काळी आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षं पक्षी बघायचं साधन बंदूक हेच होतं. आपले सालिम अलीसुद्धा त्याच दारानं आत आले. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, ही कुठली चिमणी म्हणून मामांना विचारलं. मामांनी त्यांना मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं आणि तिथल्या मिलर्ड साहेबांनी भुसा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवले. ही १९०८ सालची गोष्ट. मामांनी त्या दिवशी "चिमणी असेल" म्हणून कूस बदलली असती तर आज आपल्याकडे काय असतं कोण जाणे. भाच्यांच्या पक्षिवेडात मामांना काम पडणं हे फार जुनं आहे, एवढंच मी त्यातून घेतलं.

या सालिम अलींनी पुढे नोकरी नसताना अलिबागजवळच्या किहीमला मुक्काम ठोकून सुगरण पक्ष्यांचा हिशेब मांडला. १९३० सालचा पावसाळा. शिडीवर बसून रोज टिपण. त्यातून निघालं असं, की खोपा विणतो तो नर. अर्धा विणून झाला की माद्या तपासणीला येतात, पसंत पडला तर एखादी राहते, मग नर तो पूर्ण करून देतो आणि शेजारी दुसरा खोपा दुसरीसाठी सुरू करतो. आपण मराठीत या पक्ष्याला 'सुगरण' म्हणून बसलो. बहिणाबाईंनी तिचा खोपा घरोघर नेला, माहेरवाशिणींचे डोळे भरून आले, आणि इकडे मूळ ठेकेदार भलताच निघाला, तोही दोन-दोन कामं घेतलेला. नाव मात्र बदलायची कुणाची हिंमत नाही. माझीही नाही.

मुद्दा असा, की पक्ष्यांच्या नावांचं कधी कुणी ऑडिट केलेलं नाही. सातभाई घ्या. गचपणात कलकलाट करत हिंडणारी मातकट टोळी. मी आमच्या सोसायटीमागच्या मैदानात अकरा वेळा मोजले. सहा आले, नऊ आले, एकदा बारा आले, सात एकदाच आले आणि तेव्हाही एक साळुंकी निघाली. इंग्रजांनी त्यांना सात बहिणी म्हटलं आहे. म्हणजे आकड्यावर दोन्ही पक्षांचं एकमत, वाद फक्त लिंगाचा, आणि चुकला आहे आकडाच. नवरंगाचंही तेच. नऊ रंग म्हणे. त्याची पडताळणी पुढे येईल.

तर बोटं मोजायला कर्नाळ्याला जायचं ठरलं. रविवारी नको, कारण पावसाळ्यातल्या रविवारी कर्नाळ्यात पक्ष्यांपेक्षा पक्षकार जास्त असतात: भजी, स्पीकर, धबधब्याखाली बनियन. जुलैच्या पहिल्या आठवड्यात शाळांना रेड अलर्टची सुट्टी जाहीर झाली आणि रिवाजाप्रमाणे त्या दिवशी आभाळ उघडलं. भाची पहिल्या लोकलनं पनवेलला आली. मातकट हिरवा शर्ट, गळ्यात दुर्बीण, पाठीला सॅक. मला बघून तिचा चेहरा पडला. मी पिवळा रेनकोट घातला होता.

"मामा, तू रस्त्याचं काम चालू आहे असा बोर्ड दिसतोयस."

रेनकोट घरी राहिला, काळी छत्री आली. पेणकडची एसटी पकडली. पळस्पे गेलं, शिरढोण आलं. वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते, हे मी भाचीला सांगायला घेतलं तोवर ती खिडकीतून तारेवरचा कोतवाल नोंदवून मोकळी झाली होती. समोर किल्ल्याचा तो सुळका ढगातून वर आला, अंगठा दाखवल्यासारखा. होकाराचा की ठेंग्याचा, ते अजून ठरायचं होतं.

कर्नाळा हे महाराष्ट्रातलं पहिलं पक्षी अभयारण्य, १९६८ सालचं. सुरुवातीला क्षेत्र जेमतेम साडेचार चौरस किलोमीटर, २००३ मध्ये वाढवून १२.११ झालं. मधून मुंबई-गोवा महामार्ग जातो. म्हणजे एका कानानं जंगल ऐकायचं आणि दुसऱ्या कानानं कंटेनर. महामार्ग किती वर्षं रुंद होतो आहे याचा हिशेब मी निवृत्तीनंतर स्वतःहून तपासायला घेतला होता, पण प्रकृतीच्या कारणास्तव सोडला. इतका हमरस्त्यावरचा, सखल, माणसांनी वेढलेला रानाचा तुकडा, पण गेटच्या आत पन्नास पावलं गेलं की अंगावर ओला, हिरवा, कुजक्या पानांचा वास येतो आणि आवाज कमी न होता मागे सरकतो.

गेटवर मला माझा माणूस भेटला. तिथं आत नेण्याच्या प्लास्टिकची मोजणी होते. बाटल्या किती, वेष्टनं किती, ते लिहून अनामत घेतात आणि परत येताना तेवढीच दाखवली की पैसे परत. त्यानं भाचीच्या सॅकमधून दोन बाटल्या आणि बिस्किटांचे तीन पुडे काढून टेबलावर ओळीनं मांडले, एकदा डावीकडून मोजले, एकदा उजवीकडून. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. खात्यात असताना असा एक कारकून मिळाला असता तर माझे अर्धे आक्षेप लिहायचेच राहिले असते.

वाट दाखवायला पायथ्याच्या ठाकरवाडीतले एक गृहस्थ आले. वय माझ्याएवढंच, पण अंगावर एक औंस जादा नाही. पायांत रबरी चपला, हातात कोयता, डोक्यावर प्लास्टिकच्या पोत्याची खोळ. भाची त्यांना काका म्हणाली, म्हणून मीही काका म्हणू लागलो, त्यावर ते हसले. ते मला साहेब म्हणाले, त्यावर मी हसलो. एवढी औपचारिकता झाल्यावर आम्ही मोरटाक्याच्या वाटेला लागलो.

दाट रानात पक्षी बघणं म्हणजे काय, हे पाणथळीवर रोहित बघून आलेल्यांना कळणार नाही. तिथं पक्षी उघड्यावर उभे असतात, लग्नाच्या पंगतीसारखे. इथं सगळं पानांच्या आड चालतं. काका थबकायचे, बोट करायचे आणि हळूच म्हणायचे, "त्या कुंभ्याच्या मागं, उक्शीच्या येलाखाली, आडवी फांदी हाय ना, तिथं." पक्षी दाखवण्यासाठी ते झाड दाखवत होते आणि मला मुळात झाडच ओळखता येत नव्हतं. भाचीची पद्धत आधुनिक. ती म्हणायची, "मामा, अकरा वाजता!" मी दोनदा मनगटाकडे बघितलं. तिसऱ्यांदा कळलं की झाड हे घड्याळ धरायचं आणि फांदी हा काटा. तोवर पक्ष्याची वेळ संपली होती.

त्यातून दुर्बीण. आठ बाय बेचाळीस, भाचीनं वाढदिवसाला मिळालेली मला उसनी दिलेली. आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी पकडायचा, नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांवर आणायची, की पक्षी गोलात आलाच म्हणून समजा. माझ्या गोलात पानं आली. मोठी, ठसठशीत, शिरा मोजता येतील अशी पानं. एकदा मुंग्या आल्या. एकदा बराच वेळ एक सुंदर तपकिरी पोत दिसत राहिला आणि मी श्वास रोखून बघत राहिलो. तो काकांचा खांदा होता.

शेवटी मी कानांवर विसंबायचं ठरवलं. पक्षी दिसत नसला तरी ऐकू येतो, आणि भाचीच्या वहीत ऐकलेल्या पक्ष्यांसाठी वेगळा रकाना होता. आवाज मला त्यातल्या त्यात ओळखता येतात, कारण आमच्या आजोळी नावं आवाजावरूनच ठेवलेली. कुटुर्गा स्वतःचं नाव घेत दिवसभर हजेरी लावतो. पावशा शेतकऱ्याला "पेरते व्हा" म्हणून बजावत राहतो; त्याच पक्ष्याचं तेच ओरडणं साहेबाला डोक्यात चढलेल्या तापासारखं वाटलं आणि तसंच नाव त्यानं ठेवलं. साहेबाला पेरायचं नव्हतं ना.

मी वही मागून घेतली. डावीकडून लांब शीळ आली, सर्पगरुड. लिहिला. पाच मिनिटांनी कुटुर्गा. लिहिला. मग टकाचोराचा तो धातूच्या पट्टीसारखा आवाज. लिहिला. अर्ध्या तासात तीन पक्षी, तेही जागेवरून न हलता. मी वही भाचीला दाखवली. तिनं काकांकडे बघितलं. काकांनी न बोलता कोयत्याचं टोक वर केलं. समोरच्या सावरीच्या सुक्या फांदीवर एक काळा पक्षी बसला होता, डोक्यावर तुरा, शेपटीतून दोन लांब तारा निघालेल्या आणि तारांच्या टोकाला एकेक झुबका. पल्लवपुच्छ कोतवाल. त्यानं आमच्याकडे बघून सर्पगरुडाची शीळ घातली. मग कुटुर्गा काढला. मग टकाचोर.

तीन बोगस व्हाउचरं, एकाच माणसाच्या सहीची, आणि मी ती पास केली होती! चौतीस वर्षांच्या नोकरीत असं झालं नव्हतं. हा पक्षी दुसऱ्यांच्या नकला करण्यात पटाईत आहे, कुणाकुणाच्या धोक्याच्या आरोळ्यासुद्धा उचलतो, हे भाचीला आधीपासून माहीत होतं. "मग सांगितलं का नाहीस?" तर म्हणे, "तू इतका खूश होतास." त्याला भृंगराज असंही नाव आहे. आमच्या घरात त्या नावाचं तेल यायचं. त्यानंही माझी अशीच फसवणूक केली होती, हे डोक्यावरून हात फिरवताना आठवलं.

मी गुपचूप तिन्ही नोंदी खोडल्या, खाडाखोडीशेजारी सही केली, आणि खाली एकच नाव लिहिलं.

पुढे ओढा आडवा आला. तिथल्या काळ्या कातळामागून कुणीतरी शीळ घालत होतं, मनाशीच, चाल अर्धी विसरून पुन्हा पहिल्यापासून. शाळेला उशीर झालेल्या पण त्याची फिकीर नसलेल्या पोरासारखं. मी वहीला हात लावला नाही. "शीळकरी कस्तुर," काका म्हणाले, "ह्यो खरा हाय." माझ्या मघाच्या पराक्रमाची वार्ता त्यांच्यापर्यंत नीट पोचली होती.

नवरंग मात्र साक्षात भेटला. पायवाटेवर, सात-आठ हातांवर, ओला पाचोळा चोचीनं उलटत होता, हरवलेली चिल्लर शोधावी तसा. मी दुर्बीण लावली आणि यावेळी, कसा कोण जाणे, पक्षी गोलात होता. मी कुजबुजत मोजायला लागलो: पाठ हिरवी, एक. पंखावर आकाशी, दोन. डोळ्यावरून काळा पट्टा, तीन. गळा पांढरा, चार. पोट फिकट पिवळसर, पाच. शेपटीखाली लालभडक, सहा. माथा तपकिरी, सात. पुढे गाडी अडली. भाची म्हणाली, पाय गुलाबी धर. धरला, आठ. नववा रंग आम्ही दोघांनी मिळून शोधला, सापडला नाही. काकांना विचारलं तर त्यांनी एकदा पक्ष्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "साहेब, कमी पडला तर परत करायचाय का?" तमिळनाडूत म्हणे याला सहा वाजताचा पक्षी म्हणतात, कारण तो सकाळ-संध्याकाळ त्या सुमाराला हटकून ओरडतो. तो आकडा तरी घड्याळाला लावून बघता येतो.

चालताना मला राहून राहून मारुती चितमपल्लींची आठवण येत होती. सोलापूरचा माणूस, वनखात्यात शिरला आणि रानातल्या माणसांकडून नावं गोळा करत फिरला. या कर्नाळ्याच्या जडणघडणीतही त्यांचा हात होता. कावळ्यांच्या वसाहतीला काकागार आणि बगळ्यांच्या वसाहतीला सारंगागार हे शब्द त्यांनीच मराठीला दिले. पाच नोव्हेंबरला त्यांचा वाढदिवस, बाराला सालिम अलींचा. त्या दोन तारखांच्या मधला आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. दोन्ही टोकं धरली तर तो आठ दिवसांचा होतो. मी हे भाचीला बोललो, तिनं मला चालायला सांगितलं.

एका वळणावर तिबोटीच्या आधी त्याचे भक्त दिसले. चौघंजण, लष्करी छापाचे कपडे, प्लास्टिकच्या स्टुलांवर बसलेले, समोर तिकाट्यांवर तोफांएवढ्या लेन्स, लेन्सांना रेनकोट. लेन्सांचे रेनकोट पानांच्या रंगाचे होते. भाची माझ्याकडे अर्थपूर्ण बघत राहिली. त्यातल्या एकानं मोबाइलवर कसलीशी चिर्र चिर्र लावली. काका जागच्या जागी ताठ झाले.

"बंद करा ते," ते म्हणाले. पहिल्यांदाच मोठ्यानं. "त्याला वाटतंय दुसरा नर आला. पिलांचं खाणं टाकून तुमच्या फोनशी भांडायला येतोय तो."

मोबाइल बंद झाला. काका आम्हाला घेऊन तिथून चांगले दूर गेले, वाट सोडून नाही, पण वाटेच्याच एका वाकणावर, ओढ्याच्या वरच्या अंगाला. "बीळ दाखवणार न्हाई," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "बिळाकडं जायची त्याची वाट दाखवतो. बसा हितं."

बसलो. एका दगडावर भाची, एकावर मी, काका उकिडवे. डास आले आणि त्यांनी आमची सविस्तर तपासणी केली. मान अवघडली, डावा पाय झोपला. छत्री उघडायची नाही, हात हलवायचा नाही, खोकायचं नाही. पंचवीस मिनिटं झाली असतील. पलीकडच्या मातीच्या दरडीतून पाणी झिरपत होतं, मुळं लोंबत होती, आणि ओढ्यावर वाकलेल्या एका बारीक फांदीवर काहीच नव्हतं. मग त्याच फांदीवर तो होता.

आला कधी ते दिसलंच नाही. हिरव्या-काळ्या अंधारात कुणी काडी ओढावी तसा तो पेटला होता. गॅलरीतल्या ट्यूबलाइटखाली त्याचे रंग उधळपट्टी वाटले होते. इथं त्या सावलीत, ओल्या पानांत, कुठलाच जास्तीचा वाटेना. चोचीत एक सापसुरळी आडवी धरलेली, शेपूट अजून वळवळणारी. त्यानं ती फांदीवर आपटली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे; इतक्याशा पक्ष्याकडून तो टक् टक् आवाज आमच्यापर्यंत पोचत होता. मग ती चोचीतच फिरवून डोकं पुढे केलं. "पिलाला द्यायची हाय," काका ओठ न हलवता म्हणाले, "सोताला खायची असली तर डोकं आत करतो."

माझ्या लक्षात होतं. मी दुर्बीण उचलली. पक्षी गोलात होता. मी नजर खाली आणली: चोच, हळदी छाती, पोट, आणि पोटाची पिसं फुगवून तो फांदीवर असा बसला होता की खाली फक्त दोन ठिपके दिसत होते, पोवळ्यासारखे. त्यांना बोटं होती यात शंका नाही. एक वेगळं निघाल्यासारखं वाटलं, मी "एक" म्हणालो, आणि गोलात नुसती हलणारी फांदी उरली.

"किती?" भाचीनं विचारलं.

"एक," मी म्हणालो. "लेखापरीक्षण अपूर्ण."

ती हसू दाबायला वाकली. काकांनी विचारलं, काय मोजताय. मी सांगितलं. ते जरा वेळ विचार करत राहिले. जन्मापासून ते हा पक्षी बघत होते, त्याचं बीळ कुठल्या दरडीत असेल ते पहिल्या पावसाच्या मातीवरून सांगू शकत होते. पण बोटं? "तीन हायत व्हय त्याला?" त्यांना नवल वाटलं. मग स्वतःच्या रबरी चपलेतला चिखलानं भरलेला पाय त्यांनी एकदा वाकून बघून घेतला.

परत येताना गेटवर दोन बाटल्या आणि तीन वेष्टनं टेबलावर मांडली. त्या सद्गृहस्थानं डावीकडून मोजली, उजवीकडून मोजली, अनामत परत दिली. त्या दिवशीचा तेवढाच एक हिशेब जुळला.

चपलांचा तो खोका अजून आमच्या माळ्यावर आहे. त्याच्या तळाला एक पांढरा डाग पडलेला आहे आणि भाचीनं बाहेरून स्केचपेननं तारीख घातली आहे, त्यामुळे तो टाकता येत नाही. यंदा जून लागल्याबरोबर मी गॅलरीतला दिवा रात्री बंद ठेवायला लागलो. समोरच्या इमारतीतल्या गृहस्थांनी दोनदा विचारलं, बल्ब गेलाय का. मी हो म्हणालो. तिसऱ्या दिवशी ते नवा बल्ब घेऊन आले, वर शिडीही होती त्यांच्याकडे, तेव्हा त्यांना आत बसवून सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. जाताना ते दारात थांबले. "म्हणजे तुम्ही मोजली नाहीतच," ते म्हणाले.